पाच हाडं, पान एकेचाळीस

बुरुलच्या नऊ वर्षांच्या कामाचा फैसला एका मेंढ्याच्या हाडांवर येऊन ठेपला होता, आणि तिला त्याचं फारसं नवलही वाटत नव्हतं. बिश्केकच्या विद्वानांना ती ओळखून होती. दुसऱ्याने लिहिलेली एकशे बारा पानं ही माणसं वाचणार नाहीत. पण पुढ्यात कुठलं हाड आलं, ते मात्र डोळ्यांत तेल घालून वाचतील.

दुपारी तीनला संस्थेत मतदान होतं. पदवी समितीत पाच जण. पाचही हजर असले तरच सभा भरणार, आणि चार मतं बाजूने पडली तरच बुरुल डॉक्टर होणार. याआधी दोनदा सभा बारगळली होती. एकदा अध्यक्षांचे गुडघे धरले, एकदा उपाध्यक्षांच्या गावाकडे घोडी व्याली. आता तिसऱ्यांदा बारगळली की फाइल बंद, सगळं पुन्हा पहिल्यापासून. बुरुल चव्वेचाळीस वर्षांची होती. पहिल्यापासून करायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं, आणि हे ती सकाळपासून भांडी आपटून घरादाराला सांगत होती.

"उपाशीपोटी मत नेहमी विरोधातच पडतं बघ," असं अध्यक्ष फोनवर सहज म्हणून म्हणाले होते. असल्या माणसांचं सहज काही नसतं. म्हणून मतदानाआधी जेवण, तेही बुरुलच्या घरी.

अध्यक्ष शेइशेनाली आणि उपाध्यक्ष काचकिनबाय, दोघंही चौऱ्याऐंशीचे. थोरला कोण हे खुदालाही ठाऊक नाही, कारण दोघांच्याही गावच्या कारकुनाने जन्मतारीख एक जानेवारी लिहून हात झटकले होते. दोघांचं चाळीस वर्षांचं वैर. बाई नाही, जमीन नाही, पैसा नाही. भांडण एवढंच की कागदावर दोन अदलाबदली शेजारी शेजारी लिहिल्या, तर आधी डावीकडची करायची की उजवीकडची? शेइशेनाली डावीकडून सुरू करत, काचकिनबाय उजवीकडून. यापायी दोघांनी दोन वेगळी पाठ्यपुस्तकं काढली, एकमेकांची पोरं नापास केली, आणि विभागाला दोन दारं होती म्हणून दोघं दोन दारांनी आत जात. चौऱ्याऐंशी वर्षांचे बाप्ये!

आता बुरुलचं सगळं कामच सांत गटांवरचं, म्हणजे अदलाबदलींवरचं. मोजक्या अदलाबदली घ्या. एकीपाठोपाठ दुसरी केली तरी त्याच यादीतली कुठलीतरी तिसरी निघते, आणि प्रत्येक अदलाबदल उलटवताही येते. अशी यादी म्हणजे गट. तो गट आकड्यांच्या चौकटीत बसवायचा आणि प्रत्येक अदलाबदलीला एक आकडा द्यायचा, लक्षणांक. नुसत्या जागांची अदलाबदल असेल तर हा आकडा अगदी साधा: किती जण आपापल्या जागी राहिले? बस्स, तेवढाच. आणि बुरुलने सबंध प्रबंध या लक्षणांकांच्या भाषेत लिहिला. 'आधी' आणि 'मग' हे दोन शब्द एकशे बारा पानांत कुठेही येऊ दिले नाहीत. एका म्हाताऱ्याची बाजू घेतली की दुसऱ्याचं मत गेलंच. वर ताश्कंदहून आलेला परीक्षक मिरसाईद हा काचकिनबायचाच जुना विद्यार्थी, गुरू शिंकला की हा रुमाल काढणार. काचकिनबाय फिरले की दोन मतं फिरली, आणि उरलेल्या तिनांत बुरुल बुडाली.

तिने हाडांची यादी करून फ्रिजवर चिकटवली. दारासमोरच्या भिंतीशी मानाची गादी, तोर, ती पहिली. तिथून जेवणाच्या चादरीभोवती खाली येत दाराजवळची पाचवी. पहिली गादी, उजवा जांबाश, म्हणजे पुठ्ठ्याचं हाड, थोरल्यांचा मान. दुसरी, डावा जांबाश. तिसरी, डोकं, पाहुण्याला. चौथी, शेपटीकडची चरबी, बाईमाणसाला. पाचवी, पायाची नळी, सर्वांत धाकट्याला.

आणि पाहुणे आले तेव्हा बसलेही तसेच. शेइशेनाली, काचकिनबाय, मिरसाईद, मग प्राध्यापक जिपारकुल, जिभेला हाड नसलेली बाई, आणि दाराशी विभागप्रमुख तेमिरकान, वय बावन्न, पाठीला कणा नसलेला माणूस. बुरुलने पडद्याआडून बघितलं, सुटकेचा श्वास टाकला आणि पातेल्याकडे वळली.

तेवढ्यात बाहेर शिष्टाचार सुरू झाला.

"मी तोरवर?" शेइशेनाली छातीवर हात ठेवून म्हणाले. "छे! मी आपला दाराशी बसतो. सगळे एकेक गादी वर सरका."

असं म्हणणाऱ्याला "अहो नाही नाही" म्हणायचं असतं. काचकिनबाय म्हणाले नाहीत. लगेच सरकले. मग सगळेच सरकले, आणि अध्यक्ष खरोखर दाराशी येऊन पडले.

तोरवर बसलेल्या काचकिनबायना वाटलं, आपणही मोठेपणा दाखवावा आणि शेइशेनालीला जरा डिवचावं. "आपल्यात एकच बहीण आहे," ते तिसऱ्या गादीवर सरकलेल्या जिपारकुलला म्हणाले. "ती वर बसेल, मी तिच्या जागी."

"बसते की!" म्हणत जिपारकुल तोरवर जाऊन ऐसपैस बसली.

बुरुलच्या कानावर हे सरकणं-बदलणं पडत होतं, पण पातेल्यातून हाडं काढण्याच्या घाईत त्याचा अर्थ लागला नाही. तिचा नवरा ओमुरझाक ट्रॉलीबस चालवायचा. त्याच्या लेखी मार्ग ठरला की ठरला, मधे उतारू बदलले म्हणून गाडी वळत नाही. त्याने यादी वाचली, गाद्या मोजल्या आणि पाच ताटं पाच गाद्यांपुढे नेऊन ठेवली.

बाहेर कोणीतरी खाकरलं. लग्नात नवरी पळून गेल्यावर व्याही खाकरतात तसं.

बुरुलने पडदा सारला. अध्यक्षांच्या पुढ्यात धाकट्याची नळी. काचकिनबायपुढे डोकं, आणि ते दात काढून त्यांच्याकडेच बघत होतं. तेमिरकानपुढे बायकांची चरबी. मिरसाईदपुढे त्याच्या गुरूचा डावा जांबाश. आणि उजवा जांबाश जिपारकुलपुढे, ती तर ताट फिरवून फिरवून बघत होती.

हाडं माणसांना वाटायची असतात. बुरुलने ती जागांना वाटली होती. 'पहिला' म्हणजे पहिला माणूस की पहिल्या जागेवर बसलेला माणूस, या घोळावरून ती दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना झापायची.

"नळी," शेइशेनाली हळूच म्हणाले. "वय झालं की नळीच सोसते म्हणा."

"माझा रक्तदाब वाढलाय," काचकिनबाय डोक्यावरून नजर न काढता म्हणाले. "गोळी घरी राहिली. निघतो मी."

"मीही उठतो, अगाय," मिरसाईद लगेच गुरुजींना म्हणाला. त्याचा रक्तदाब गुरूबरोबर वाढायचा.

बुरुल धावत स्वयंपाकघरात आली. "गेले! सभा गेली!"

"अगं, ताटं इकडची तिकडं करतो की," ओमुरझाक म्हणाला.

"हात तोडीन!" चुलीपाशी बसलेली सासू, तोक्तोकान आपा, कडाडली. "पुढ्यात ठेवलेलं हाड यजमानाने उचललं की घरातली बरकत उठते."

"मग त्यांनीच उठून आपापल्या हाडापुढे बसावं!" ओमुरझाक म्हणाला.

"आणि स्वतःचं हाड कोण मागेल तोंडाने? माझ्या बापाच्या गावात असल्या माणसाला कुत्र्यांच्या पंगतीला बसवत."

ओमुरझाकने हात वर केले. "म्हणजे ताट हलायचं नाही, माणसाने मागायचं नाही. तुमच्या या शहाणपणापुढे आमची ट्रॉलीबस बरी, निदान पुढे तरी जाते."

बुरुल त्याचं ऐकत नव्हती. ती फ्रिजवरच्या यादीकडे बघत बोटं मोजत होती. अध्यक्ष तेमिरकानच्या जागी, तेमिरकान जिपारकुलच्या जागी, जिपारकुल अध्यक्षांच्या जागी. तिघांचं एक चक्र. काचकिनबाय आणि मिरसाईद एकमेकांच्या जागी. दोघांचं दुसरं. गट सांत आहे ना, मग तीच फेरी परत परत केली की कधीतरी घरी यायलाच हवं. तिघांचं चक्र दर तिसऱ्याला घरी, दोघांचं दर दुसऱ्याला. दोन्ही एकदम घरी, सहाव्याला. एक फेरी झालीय. उरल्या पाच.

ती बाहेर आली. काचकिनबाय एक बूट घालून दुसरा शोधत होते.

"बाइके," तिने थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारली, "जायच्या आधी एवढं करा. मघाशी बसताना जे केलंत तेच पाच वेळा करा. सगळे एक गादी वर सरका, वरचा दाराशी. मग पहिल्या आणि तिसऱ्या गादीने अदलाबदल."

"हे कुठे आलंय?" अध्यक्षांनी भुवया चढवल्या.

"माझ्या प्रबंधात."

आता मजा अशी की प्रबंध कोणीच वाचला नव्हता, त्यामुळे 'त्यात असं काही नाही' असंही कोणाला म्हणता येईना.

"हो हो, आहे," तेमिरकान घाईने म्हणाला. "फार सुरेख भाग आहे तो."

जिपारकुलने एकदा ताटांकडे पाहिलं, एकदा बुरुलकडे. तिला सगळं उमगलं होतं. "उठा मग!" ती टाळी वाजवून म्हणाली. "ज्ञानासाठी एवढं तर कराल!"

उठले. आता चौऱ्याऐंशीचे दोन म्हातारे जमिनीवरच्या गादीवरून उठतात तेव्हा ते साधं उठणं नसतं. आधी एक हात, मग एक गुडघा, मग अल्ला, मग दुसरा गुडघा. अध्यक्षांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते समितीपुढे उघड झालं. सरकले, बदलले, बसले. काचकिनबायपुढे आपला डावा जांबाश आला, मिरसाईदपुढे डोकं. दोघं खूष. बाकी तिघं अजून परक्या हाडापुढेच.

"उतरला रक्तदाब," काचकिनबाय म्हणाले. "पुरे. मांडा जेवण."

"पुरे?" अध्यक्षांपुढे आता बायकांची चरबी आली होती. "मी काय आता घागरा नेसू? उठा!"

पुन्हा गुडघे, पुन्हा अल्ला. बसतानाची धरून तिसऱ्या फेरीत शेइशेनाली तोरवर आपल्या उजव्या जांबाशापुढे, जिपारकुल आपल्या चरबीपुढे, तेमिरकान नळीपुढे. तिघांचं जमलं.

"सुटलं गणित!" अध्यक्ष म्हणाले. "कोणी हलू नका."

"तुमचं सुटलं." काचकिनबायपुढे पुन्हा ते डोकं होतं. "हा मेंढा मला ओळखायला लागलाय. उठा!"

चौथीला काचकिनबाय आणि मिरसाईद घरी, अध्यक्ष परत नळीवर. "माझ्या हयातीत," शेइशेनाली धापा टाकत म्हणाले, "इतकी उठबस मी नमाजालाही केली नाही."

"म्हणूनच ही पाळी आली," पडद्याआडून आपा म्हणाली.

पाचव्या फेरीनंतर पाचांपैकी एकाही माणसापुढे आपलं हाड नव्हतं. मटणावर चरबी गोठायला लागली होती. घड्याळात सव्वादोन.

काचकिनबाय ताडकन उभे राहिले, म्हणजे त्यांच्या मानाने ताडकन. "बघा! याला म्हणतात डावीकडून काम करणं! शून्यापासून निघालो, शून्यावर आलो. मी चाळीस वर्षं ओरडतोय, आधी उजवीकडची करा! आता माझ्या क्रमाने. आधी पहिल्या-तिसऱ्याची अदलाबदल, मग सरकायचं!"

"माझ्या समितीत उजवीकडून काही होणार नाही!" शेइशेनाली गरजले.

"मग मी चाललो!"

मिरसाईद उठला. तेमिरकान अर्धा उठला आणि वारा कुठला आहे ते बघत तसाच थांबला.

बुरुलला दिसत होतं. अध्यक्षांच्या क्रमाने आणखी एकच फेरी, आणि पाचही जण घरी. काचकिनबायच्या क्रमाने केली तर एकट्या जिपारकुलला तिची चरबी मिळेल आणि बाकीचे चौघं वाऱ्यावर. एक फेरी. एका फेरीवर नऊ वर्षं टांगलेली. आणि हे दोन बोकड शिंगं लावून उभे.

"गप्प बसा दोघंही!"

खोलीत असा आवाज कोणी काढला ते कळायला बुरुललाही एक क्षण लागला.

"नऊ वर्षं! नऊ वर्षं मी 'आधी' हा शब्द लिहिला नाही तुमच्या धाकाने! 'मग' लिहिला नाही! सरळ एका ओळीत सांगता आलं असतं ते अर्धं पान वळसा घालून सांगितलं, का, तर दोन आजोबांचा जीव दुखायला नको! आणि तुम्ही एकाने तरी उघडून बघितलं ते? तेमिरकान बाइके, सुरेख भाग म्हणता, कितव्या पानावर आहे हो?"

तेमिरकान चरबीकडे, नाही, आता पुढ्यात जांबाश होता, जांबाशाकडे बघायला लागला.

"आज लिहीत नाही, तोंडाने सांगते. आधी सरका! मग बदला! एकदा! आणि त्यानंतर जो हलेल त्याला मेंढ्यापाठोपाठ पातेल्यात घालीन!"

"सून माझी आहे," आपा आतून म्हणाली. "घालेल."

सरकले. बदलले. बसले.

शेइशेनाली, उजवा जांबाश. काचकिनबाय, डावा. मिरसाईद, डोकं. जिपारकुल, चरबी. तेमिरकान, नळी. कोणी काही मागितलं नव्हतं, कोणी ताट हलवलं नव्हतं. तेमिरकानला तर नळी बघून डोळ्यांत पाणी आलं.

"ओमिन," आपाने चेहऱ्यावरून हात फिरवले. "आता गिळा."

गिळले. काचकिनबायनी तर हाड पांढरं होईतो खरवडलं. हाड चाटूनपुसून झाल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली आणि बुरुलकडे न बघता म्हणाले, "म्हणजे पोरी, तू त्याच्या बाजूची. आज कळलं."

बुरुल दारात चहाची किटली धरून उभी होती. आता घाबरण्याएवढं काही उरलं नव्हतं. "बाइके, तुमच्या क्रमाने करून बघा. सुरुवातीपासून. सहा फेऱ्या."

"माझे गुडघे संपले."

"बोर्सोक घ्या मग."

काचकिनबायनी थाळीतून कणकेचे तळलेले पाच बोर्सोक उचलले. एकावर टोपी म्हणून मनुका ठेवली. "हा मी," ते म्हणाले. जळका करपलेला होता तो शेइशेनाली झाला. मिरसाईद मोजायला बसला. आधी अदलाबदल, मग सरकणं. आपापल्या जागी किती?

"शून्य, अगाय."

"पुढे."

"दोन. तीन. दोन. शून्य." मिरसाईदने शेवटची फेरी केली आणि डोळे मिचकावले. "पाच."

"आणि मघाशी आपले किती?"

"शून्य, दोन, तीन, दोन, शून्य, पाच," जिपारकुल बोटं चाटत म्हणाली. "तेच आकडे. माणसं वेगळी बसली असतील, पण सुखी माणसांची गणती तीच."

दोन्ही म्हातारे बोर्सोकांवर वाकले. टाळूला टाळू लागली, पण कोणी मागे घेतली नाही. त्यांनी दुसऱ्या दोन अदलाबदली घेतल्या, मग तिसऱ्या दोन. कुठल्याही दोन घ्या, या क्रमाने करा नाहीतर त्या, आकडा हटत नव्हता.

"का?" काचकिनबायनी विचारलं. नऊ वर्षांत बुरुलला समितीतल्या कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न.

"पान एकेचाळीस."

"कुठाय तो प्रबंध?"

पातेल्याखाली होता. ओमुरझाकने चादर जळू नये म्हणून ठेवला होता. पान एकेचाळिसावर तुपकट गोल उमटला होता, पण अक्षरं दिसत होती. काचकिनबाय वाचू लागले. मग थांबून म्हणाले, "हे तू फार वळसे घालून लिहिलंयस."

"कोणामुळे?" बुरुल म्हणाली. "सोपं सांगू? तुमच्या हातातली जपाची तसबी द्या. समजा एक मणी म्हणजे सरका, पुढचा म्हणजे बदला. शेइशेनाली बाइके जपतात सरका, बदला, सरका, बदला. तुम्ही जपता बदला, सरका, बदला, सरका. माळ तीच आहे. तुम्ही फक्त एक मणी उशिरा सुरुवात करता."

काचकिनबायनी तसबी परत घेतली आणि बोटाने एक मणी सरकवला. "एक मणी," ते म्हणाले. "चाळीस वर्षं."

"मी उशिरा नाही करत," शेइशेनाली म्हणाले. "तोच उशिरा करतो."

"तुम्ही लवकर करता!"

"झालं सुरू," जिपारकुल उठली. "चला, तीन वाजत आले. आणि बाइके, मोजा घाला उलटा, भोक आत जाईल."

संस्थेत पाचही जण पोचले. खोली तापवणारे गरम पाण्याचे नळ बंद होते, म्हणून सगळे कोट घालूनच बसले. पेटीपाशी शेइशेनाली आणि काचकिनबाय पुन्हा अडले.

"आधी तुम्ही, थोरले."

"थोरले तुम्ही. आधी तुम्ही."

दहा मिनिटं. बुरुल मागच्या बाकावरून ओरडली, "कोणीही आधी टाका हो! बेरीज तीच येते!" शेवटी दोघांनी एकदमच हात घातले, आणि दोन हात एका फटीत अडकले ते तेमिरकानने ओढून काढले.

तेमिरकानने पेटी उघडली, चिठ्ठ्या मोजल्या आणि त्याचा चेहरा पडला. "चार बाजूने," तो म्हणाला. "पाचवी बाद. गुप्त मतपत्रिकेवर खुणेशिवाय काही लिहिलं की बाद होते, आणि यावर कोणीतरी लिहिलंय."

"काय लिहिलंय?" शेइशेनालींनी विचारलं.

तेमिरकानने चिठ्ठी उजेडाकडे धरून वाचली. "'पान एकेचाळीस वाचलं. पटलं. तरी माझाच क्रम बरा.'"

सगळ्यांनी काचकिनबायकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"माझ्याकडे काय बघता?" ते म्हणाले. "मतदान गुप्त असतं."

चार मतं पुरेशी होती. बुरुल डॉक्टर झाली.